एक्केचाळिसावा घाणा

१

आमच्या कारखान्यात एका वेळी जेवढं क्रीम तयार होतं त्याला घाणा म्हणतात. बाहेरून येणाऱ्या साहेबांना हा शब्द रुचत नाही, ते बॅच म्हणतात. आम्ही घाणाच म्हणतो. समुद्राचं शेवाळ उन्हात वाळवायचं, दळायचं, गरम पाण्यात त्याचा अर्क काढायचा आणि तो क्रीमात घोटायचा. चेहऱ्याला लावलं की सुरकुत्या जातात असं डबीवर लिहिलेलं असतं. जातात की नाही देव जाणे, डब्या मात्र जातात.

दर घाण्याच्या बारा डब्या विकायला न जाता माझ्या कपाटात येतात. दर तीन महिन्यांनी त्यातली एक फोडायची. रंग बघायचा, वास घ्यायचा, वाटाण्याएवढं क्रीम डाव्या हाताच्या मागच्या बाजूला लावून तासभर थांबायचं, आणि वहीत नोंद करायची. गेली अकरा वर्षं मी हेच करते. कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या गळ्यात. मालक चिडवतात, "बाई, तुमचा डावा हात विशीतला आणि उजवा पन्नाशीतला." मी हसते. पगार देणाऱ्याच्या विनोदाला हसावं लागतं.

गेल्या सोमवारी एक्केचाळिसाव्या घाण्याची पाळी होती. नऊ महिने झालेले, तिसरी डबी फोडायची. कपाट उघडलं आणि उरलेल्या दहाही डब्यांमध्ये क्रीमाच्या वर बोटभर पाणी दिसलं. काच स्वच्छ असते, त्यामुळे चूक होण्याचं कारण नाही. क्रीमाला पाणी सुटणं नवीन नाही, घोटणं कमी पडलं की सुटतं. मी वहीत लिहिलं, 'पाणी सुटलं, ९.१०', आणि मालकांना सांगायला गेले. ते फोनवर होते. परत यायला तास लागला.

परत आले तेव्हा पाणी नव्हतं. सांडलेलं नव्हतं, वाळलेलं नव्हतं. दहाही डब्या काठापर्यंत घट्ट, पांढऱ्याशुभ्र, कालच भरल्यासारख्या. आता, सुटलेलं पाणी परत आत जात नसतं. नासलेलं दूध पुन्हा जुळतं का? मी पहिली डबी घेतली, झाकण फिरवलं, आतला चंदेरी कागद सोलला. कागद चारी बाजूंनी चिकटलेला होता, कुठे भोक नाही, फाटलेलं नाही.

क्रीमात बोटं फिरवल्याची खूण होती. चार बोटांची. तीन चर लांब आणि कडेचा एक आखूड.

२

माझी मोठी बहीण, आमची ताई, या कारखान्यासाठी शेवाळ कापायची. तिच्या उजव्या करंगळीला वरचं पेर नव्हतं. लहानपणी दारात चेमटून गेलं होतं. ते दार मी लावलं होतं. ताईने घरी सांगितलं की वाऱ्याने लागलं.

शेवाळाच्या कामात घड्याळ समुद्राचं चालतं. ओहोटीला दूरचा मोठा खडक उघडा पडतो, चालत जाता येतं. शेवाळ देठाशी वीतभर ठेवून कापायचं, म्हणजे पुन्हा फुटतं. आणि भरती मधल्या खाचेत शिरायच्या आत परत फिरायचं. खाच भरली की खडकाचं बेट होतं आणि तिथली ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. ताईला पूर्वी हे सगळं पाण्याच्या रंगावरून कळायचं. मग मालकांनी शिस्त आणली. भरती-ओहोटीचं छापील पुस्तक आलं, माझ्या खोलीबाहेर काळा फळा आला आणि त्यावर रोज परतीची वेळ लिहिणं माझ्याकडे आलं. ताईच्या मनगटावर मी घड्याळ बांधलं. "आता पाण्याकडे बघायची गरज नाही, ताई. फळ्यावर बघ आणि घड्याळात बघ." ती म्हणाली, "तू लिहिणार ना? मग झालं."

नऊ महिन्यांपूर्वी ती खडकावर गेली. तिच्याबरोबर शेवाळ कापणाऱ्या दोघी त्या दिवशी नव्हत्या, एकीला ताप आणि दुसरीचं मूल आजारी. मालकांनी सकाळी बजावलं होतं, "आज एक पोतं जास्त हवं." ताई परत आली नाही. दुसऱ्या दिवशी पोतं किनाऱ्याला लागलं, दोराने नीट तोंड बांधलेलं, ताज्या शेवाळाने गच्च भरलेलं. पोतं लागलं, ताई लागली नाही.

आणि मालकांनी ते पोतं वाळत घालायला लावलं. "बाई, तिच्या हातचा शेवटचा माल आहे. कुजवायचा का?" डोळे पुसत म्हणाले हो! त्याचा झाला एक्केचाळिसावा घाणा.

त्या दिवसापासून मी या माणसावर मनातल्या मनात दात धरून आहे. ताईची मुलगी माझ्याकडे राहायला आली, तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसत नाही. इथेच डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. रोज जेवताना मी तिला सांगितलं, तुझ्या आईला मालकाच्या हावेने खाल्लं. एक पोतं जास्त, एक पोतं जास्त. मुलगी जेवता जेवता थांबायची. मला बरं वाटायचं, हे कबूल करते.

३

मी भित्री नाही. मंगळवारी शांतपणे विचार केला. भरताना हवेचे बुडबुडे राहतात, ते फुटून चर पडतात. उन्हाने काचेला घाम येतो. चार चरांचा अर्थ चार बोटंच का? ढगातही माणसाला तोंडं दिसतात. मी खोलीच्या खिडक्या लावल्या, कपाटासमोर स्टूल टाकलं आणि वही मांडीवर घेऊन बसले.

नऊ दहाला काही झालं नाही. मी स्वतःला हसले. साडेनऊला काही नाही. बरोबर दहाला बाकीच्या नऊ डब्यांत पाणी वर आलं. आवाज नाही, बुडबुडा नाही. क्रीम खाली बसलं आणि पाणी वर चढलं, आणि खोलीत ओल्या दोराचा वास आला. तासाभराने ओसरलं. शेजारचा चाळिसावा घाणा कोरडा, बेचाळिसावा कोरडा. त्यांना काही झालेलं नव्हतं.

बुधवारी दहा पन्नासला.

मी वहीत तीन आकडे एकाखाली एक लिहिले. नऊ दहा, दहा, दहा पन्नास. एवढं कळायला मला पुस्तक लागत नाही. भरती रोज पन्नास मिनिटं उशिरा येते. तरी पुस्तक काढलं. तीनही दिवस, मिनिटाला मिनिट जुळत होतं.

त्या संध्याकाळी भांडी घासायच्या आधीच माझ्या डाव्या हाताची बोटं सुरकुतली होती. फार वेळ पाण्यात राहिल्यावर पांढरी, फुगीर होतात तशी. मी दिवसभर पाण्याला हात लावला नव्हता. टॉवेलने पुसली, शेकली, तेल लावलं. सकाळपर्यंत तशीच होती.

४

खरं सांगायचं तर भीतीच्या आतून आनंद वर आला. ताई आली होती. रिकाम्या हाताने परत जाणार नव्हती. आणि तिला कोण हवं असणार ते मला पक्कं ठाऊक होतं.

मालक रोज माझ्या खोलीत येऊन नमुन्याच्या डबीतलं क्रीम तोंडाला चोळतात. "माझा चेहरा हीच माझी जाहिरात," असं म्हणतात. गुरुवारी मी भरतीची वाट पाहिली. अकरा चाळीसला पाणी चढलं, मग उतरलं, आणि मी एक डबी फोडून त्यांच्यासमोर ठेवली. आत चार चर होते. मी ते चमच्याने सारखे केले.

"कुठला घाणा?"

"एक्केचाळीस."

क्षणभर ते थांबले. मग दोन बोटं बुडवली आणि कपाळाला, गालांना, मानेला चोळलं. मी समोर उभी राहून बघत होते. मनात म्हणत होते, ताई, घे. हा बघ, हा समोर आहे, घे.

"छान मुरलंय," मालक म्हणाले. "बाई, रडताय की काय?"

शुक्रवारी ते आले तेव्हा त्यांचा चेहरा तुकतुकीत होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. शिपाई म्हणाला, साहेब दहा वर्षांनी लहान दिसतात. आणि माझी दाही बोटं पांढरी पडली होती. उजव्या हाताला तर मी ते क्रीम कधी लावलंच नव्हतं.

मी दार लावून घेतलं आणि कपाटासमोर उभी राहून भांडले, अगदी लहानपणी भांडायचे तशी. "तुला डोळे नाहीत का? माझ्या मागे काय लागलीस? पोतं कुणी मागितलं होतं?" आठ डब्या आणि त्यातलं पाणी. पाणी हललं नाही.

मग मी पुढचं बोलले नाही. पुढचं मला ठाऊक होतं.

मालकांसाठी फोडलेली डबी कपाटात ठेवायचा मला धीर झाला नाही. घरी जाताना वाटेत टाकून देऊ म्हणून पिशवीत घातली, आणि विसरले.

५

शनिवारी दुपारी भिंगरी माझ्या खोलीत आली आणि स्टुलावर बसली. ती बसली, हेच मला विचित्र वाटलं.

"मावशी, सोमवारी मालकांचे फोटो काढायचेत. मोठ्या खडकावर, हातात शेवाळ घेऊन. मी म्हटलं, मी नेते तुम्हाला, मला वाट माहीत आहे."

"तू कशाला? फोटोवाला आहे ना?"

"तो किनाऱ्यावरूनच काढणार आहे, लांबून. मावशी, परतीची वेळ फळ्यावर तूच लिहितेस ना?"

"हो."

"मग सोमवारी एक ओळ खालची लिही."

मी हातातली वही मिटली.

"पुस्तकात एकाखाली एक ओळी असतात," ती हळू समजावत म्हणाली, जणू मला माहीत नव्हतं. "डोळा जरा खाली घसरला की दुसऱ्या दिवशीची वेळ लिहिली जाते. पन्नास मिनिटांचा फरक. कुणाला काय संशय येणार? मी आधीच विळा विसरले म्हणून परत येईन. ते बसतील घड्याळ बघत."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. काल मी ते क्रीम लावत होते तेव्हा सुचलं."

"कुठलं क्रीम?"

"तुझ्या पिशवीतलं. चिठ्ठी नसलेलं." तिने स्वतःचा हात नाकाशी नेला. "आईच्या हाताचा वास येतो त्याला."

ती गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. वाईट इच्छा आपण दुसऱ्यासाठी पेरतो आणि ती आपल्याच अंगणात उगवते. मुलीला मी नऊ महिने विष पाजलं होतं, आता ती माणूस मारायला निघाली होती. विळ्यासाठी वेळेत परत फिरली नाही तर तीही बुडणार. आणि हे सगळं माझ्या अक्षराने होणार होतं.

दुसऱ्यांदा.

६

आता लिहिते.

ताई गेली त्या दिवशी परतीची खरी वेळ अकरा वीस होती. मी लिहिली बारा दहा. डोळा एक ओळ खाली घसरला. सकाळी मालकांशी रजेवरून वाजलं होतं, डोकं तापलं होतं, एका हातात खडू, दुसऱ्या हातात पुस्तक आणि त्याच हाताने हलणाऱ्या फळ्याची कड धरून मी त्यांनाच मनात शिव्या घालत होते. बारा वाजता भिजलेला शिपाई धावत आला, मोठा खडक बुडाला, तुमची ताई दिसत नाही म्हणाला. सगळे किनाऱ्याकडे पळाले. मी फळ्याकडे पळाले. ओल्या फडक्याने बारा दहा पुसलं, अकरा वीस लिहिलं, आणि मग पळाले.

नंतर सगळ्यांनी फळा बघितला आणि मान हलवली. वेळ बरोबर होती. ताई हट्टी होती, लोभात थांबली, असं म्हणाले. मी म्हटलं, मालकांनी जास्तीचं पोतं मागितलं म्हणून थांबली. तेही खोटं नव्हतं. त्या अर्ध्या खऱ्याच्या आडोशाला मी नऊ महिने जगले.

हे सगळं मी काल, रविवारी, भिंगरीला सांगितलं. ती कपडे पिळत होती. पिळायची थांबली नाही.

"किती लिहिलं होतंस?" तिने विचारलं.

"बारा दहा."

"आणि खरी?"

"अकरा वीस."

"पन्नास मिनिटं." तिने चादर झटकून दोरीवर टाकली. "पाय भिजायला लागले असतील. आईला पाणी बघून कळलंच असणार. पण तिने घड्याळ बघितलं असेल. म्हणाली असेल, धाकटीने लिहिलंय, अजून वेळ आहे."

मला वाटलं होतं ती ओरडेल, मारेल. मी त्यासाठी अंग सावरून उभी होते. तिने हात पुसले आणि मालकांना फोन लावला. "साहेब, उद्याचे फोटो पुढे ढकला. लाटा जास्त आहेत म्हणतात." मग चहा केला. दोन कप केले, हे सांगायला हवं.

"मावशी," ती म्हणाली, "आई जिथे कापायची ती जागा मी कधी नीट बघितलीच नाही. उद्या आपण दोघी जाऊ या. वेळ मी लिहिते."

७

आज सोमवार. आज सकाळी उठले तर बोटं कोरडी होती. दाही. सुरकुत्या माझ्या वयाच्या, तेवढ्याच. मी त्यांच्याकडे किती तरी वेळ बघत बसले.

भिंगरी माझ्या आधी निघून आली होती. मी आले तेव्हा ती दारात, हातात एकच विळा आणि एक रिकामं पोतं. "लिहिलीय वेळ," म्हणाली आणि पोतं दारातच ठेवून बाहेर पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. मी आधी कपाट उघडलं. आठही डब्यांत क्रीम पांढरंशुभ्र, कोरडं. पाण्याचा मागमूस नाही. मग बाहेर येऊन फळ्यासमोर उभी राहिले.

आजची परतीची वेळ नऊ चाळीस आहे. मला पुस्तक बघावं लागत नाही, पण बघितलं.

फळ्यावर दहा तीस लिहिलंय. अक्षर भिंगरीचं, शून्य तिरकं काढायची तिची सवय आहे.

आमचा फळा एका खिळ्यावर टांगलेला आहे, लिहिताना हलतो. त्यामुळे एकटीला लिहायचं तर दुसऱ्या हाताने त्याची कड धरावी लागते. भिंगरी डावखुरी आहे, उजव्या हाताने धरते, तिच्या बोटांचे खडूचे ठसे उजव्या कडेला आहेत. पांढरे, कोरडे.

डाव्या कडेलाही कुणीतरी फळा धरला होता. तिथे ओल्या बोटांची खूण आहे. चार बोटं, तीन लांब आणि खालचं एक आखूड. मी बघत असताना त्या आखूड बोटापासून पाण्याचा एक ओघळ निघाला आणि फळ्याच्या लाकडावरून खाली उतरला. मी बोट लावून चाखला. खारट होता.

पोरगी लिहीत होती आणि आईने फळा धरला होता.

"मावशी, येतेस ना?" भिंगरी बाहेरून विचारतेय. आवाजात राग नाही. अगदी ताईसारखा आवाज आहे, मला शाळेला उशीर झाला की बोलवायची तसा.

हे सगळं एक्केचाळिसाव्या घाण्याच्या नोंदीखाली, वहीच्या मागच्या पानांवर लिहिलंय. मालकांनी हे वाचलं तर त्यांना एवढंच सांगायचं आहे, पोतं तुम्ही मागितलंत, ते पाप तुमच्या माथी राहू द्या, पण ताई तुमच्याकडे आली नाही यात तिचं चुकलं नाही. ही वही कपाटात ठेवते, किल्ली कपाटालाच लावून. भिंगरीला कुणी काही विचारू नका. ती खडकावरून विळा आणायला परत फिरेल, तिच्याकडे वेळ भरपूर आहे.

ओलं फडकं आत्ता माझ्या हातातच आहे. पुसायला एक क्षण लागेल, मागच्या वेळीही तेवढाच लागला होता.

फडकं खुंटीला लावलं. पोतं उचलते.